कूलरची जागा

काल कूलरमध्ये नवा वाळा भरला. पाणी पडताच त्याचा ओला, थंड वास घरभर पसरला आणि मी थेट इंग्लंडला पोहोचले.

लग्नानंतर आम्ही दोघं नागपूरहून तिथं गेलो होतो. भाड्याने घर कुणी देईना. शेवटी एका म्हातारीने दार उघडलं. घर पाहून मी इतकी हरखले, की लगेच खिडक्या वितीने मोजायला लागले.

"काय करून राहिली तू?" हे कुजबुजले.

"कूलर कुठं बसवायचा, विचारा ना त्यांले!"

"अवं, इथं बर्फ पडते! हेही घर घालवशील!"

हे विचारेनात, म्हणून मीच हातांनी पंखा फिरवून, तोंडाने फर्रर्र करून दाखवलं. केवढी मी हुशार! म्हातारी हसत हसत खुर्चीतच बसली आणि डोळे पुसत तिने किल्ली माझ्या हातात ठेवली.

आता नात जर्मनीला निघाली आहे. आज व्हिडिओवर एक घरमालक तिला घर दाखवत होता. मी मागून ओरडले, "खिडकी मोजाले सांग वं, कूलरसाठी!"

"आजी, गप ना! मोठ्या मुश्किलीने मिळून राहिलं हे घर!"

पण घरमालकाने विचारलंच, आजी काय म्हणतात? मी पदर खोचला आणि हातांनी पंखा फिरवायला लागले.