एकोणतीस शेळ्या

आमच्या गावात आशाताईची जागा रिकामी झाली तेव्हा अटी दोनच होत्या. गावची सून पाहिजे आन् दहावी पास पाहिजे. सून तर मी वीस वर्षांपासून हाय. दहावीत गणित तेवढं राहिलेलं. म्हणलं, एका विषयाचं काय एवढं, आन् परीक्षेचा फॉर्म भरला.

शिकवायला माझीच लेक, अकरावीतली. दोन अज्ञातांची समीकरणं काढून बसली. शेळ्या आन् कोंबड्या मिळून डोकी दहा, पाय सव्वीस, तर शेळ्या किती? मी भाकरी थापत म्हणलं, तीन. शेळ्यांचे पुढचे पाय उचलले की जमिनीवर वीस राहतेत. उचललेले सहा, म्हणजे शेळ्या तीन. लेकीनं कपाळाला हात लावला.

"मम्मी, उत्तर बरोबर हाय, पण मार्क रीतीला असतेत. x मान, y मान, दोन ओळी मांड, खालची वजा कर. वजा करताना खालची सगळी चिन्हं बदलायची, इसरू नको."

जीपनं सेलूला जाऊन पेपर दिला. गणित तसलंच आलं. डोकी बारा, पाय चौतीस. मनात लगेच उत्तर आलं, कोपऱ्यात पाच लिहून ठेवलं. मग रीतीनं मांडलं. डोक्यांची ओळ दुप्पट करून चोवीस केली आन् वजा केली. x चं चिन्ह बदललं, y चं बदललं, चोवीसचं राहून गेलं. शेळ्या निघाल्या एकोणतीस.

डोकी बारा आन् शेळ्या एकोणतीस! लय येळ बघत बसले, चूक काही दिसंना. शेवटी वाटलं, रीत पुस्तकातली हाय, ती कशी चुकंल, माझंच डोकं अडाणी. पाच खोडलं आन् एकोणतीस लिहिलं.

तेवढ्याच मार्कांनी गणितात पुन्हा उडाले. जागा वरच्या आळीतल्या नव्या सुनेला मिळाली. पोरगी गुणाची हाय, तिचा राग येत नाही, येतो तो माझाच.

परवा ती सर्वेला घरी आली. कोण गरोदर हाय, कुणाच्या लेकराची लस राहिली, सगळं मलाच विचारायली. मी एकेक घर धरून तोंडपाठ सांगितलं, तिनं रजिस्टरात उतरवून घेतलं. मग आमच्या घराचं पान काढलं.

"काकू, तुमचं शिक्षण काय लिहू?"

"नववी पास लिही," मी म्हणलं.