रिकाम्या खुर्चीची चाचणी

विमानतळावर तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकोणीस वर्षं ती तिथे व्हीलचेअर ढकलत होती आणि तेवढ्या वर्षांत तिच्या नाकावरचा राग एकही दिवस रजेवर गेला नव्हता. रांगेत मध्येच घुसणारे, चाकांच्या बॅगा वाटेत आडव्या लावून फोनवर गप्पा छाटणारे, खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावरून तिला विचारणारे, "यांना चहा चालतो का?" प्रत्येकासाठी तिच्याकडे वेगळा राग होता. "त्यांनाच विचारा की. ते पायांनी बसलेत, कानांनी नाही," ती सरळ सुनवायची. मग तक्रार व्हायची. वरचे लोक तिला समज द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात नाजूक प्रवासी तिच्याच हवाली करायचे.

कारण तिचे हात. तिच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मध्ये उंबरा आला होता हे कळायचंसुद्धा नाही. लिफ्टची फट असो, फरशीची उचललेली कड असो, समोर काही आलं की तिच्या मुठी किंचित खाली दाबल्या जायच्या, उजवा पाय खुर्चीमागच्या बारक्या दांडीवर पडायचा, पुढची छोटी चाकं उचलली जायची आणि पलीकडे अलगद टेकायची. हे ती ठरवून करत नसे. आपण जिना चढताना पायऱ्यांकडे बघत नाही, तितकंच तिचंही लक्ष असायचं.

तिची थोरली बहीण त्याच विमानतळावर कामाला होती. ताई तळमजल्यावर, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसायची. तिच्यामागच्या फळ्यांवर छत्र्या, एकेकटे बूट, दातांच्या तीन कवळ्या आणि सतरा काठ्या होत्या. "काठी विसरून माणसं विमानापर्यंत चालत जातात कशी, हे मला बावीस वर्षांत कळलं नाही," ताई म्हणायची. ती स्वतः लहानपणापासून खुर्चीत होती. पण तिची खुर्ची तिच्या हातांवर चालायची. पंक्चर ती काढायची, चाकांना तेल ती घालायची, आणि मागच्या मुठींना हात लावणाऱ्याचं काही खरं नसायचं. एका कनवाळू गृहस्थांनी न विचारता ढकलायला सुरुवात केली, तेव्हा ताईने हातातला कंगवा त्यांच्या बोटांवर असा हाणला की ते गृहस्थ पुढे आयुष्यभर विचारूनच मदत करत असतील.

दोघी बहिणी एकाच इमारतीत राहायच्या. ताई तळमजल्यावर, तोफ आणि तिचा नवरा दुसऱ्या मजल्यावर. दोघींच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे ताई एकटीच जायची, विमानतळाच्या जुन्या बसने. त्या बसच्या मागच्या दाराला लोखंडी फळी होती. ड्रायव्हर उतरायचा, फळी जमिनीवर टेकवायचा आणि बाजूला उभा राहायचा. ताई तीन जोर मारून वर चढायची. बस जुनाट, खडखडाट इतका की दात सैल व्हावेत. पण त्या फळीच्या जिवावर बावीस वर्षांत ताईचा एकही खाडा झाला नव्हता.

मग आली नवी रेल्वे. शहराच्या मधल्या स्टेशनातून थेट विमानतळाच्या पोटात. तीन वर्षं रस्ते खणले, धूळ खाल्ली, आणि शेवटी जाहीर झालं की गाडी सुरू होणार आणि महिनाभराने बस बंद. तोफेला वाईट वाटलं नाही. उलट आनंद झाला. ताईला खडखडाट नको, थंडगार डबा, वीस मिनिटांत कामावर. ती आठवडाभर सगळ्यांना हेच सांगत होती.

अशात तिला वर बोलावणं आलं. प्रवासी सुविधा बघणारे एक साहेब होते. विमानतळावर त्यांना सुविधासाहेब म्हणत, आणि हे मात्र तोंडावर म्हटलं तरी त्यांना आवडायचं. साहेब म्हणाले, "नव्या गाडीची व्हीलचेअरची चाचणी घ्यायचीय. तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे सांगा?" तोफ एरवी कुणाला बधत नसे, पण एकोणीस वर्षांत वरच्या मजल्यावर तिला समज देण्याखेरीज कुणी बोलावलं नव्हतं. ती हरभऱ्याच्या झाडावर चढली. दुसऱ्या दिवशी गणवेशाला कडक इस्त्री करून आली.

शहराच्या स्टेशनावर सहा अधिकारी, एक फोटोवाला आणि एक कोरी करकरीत खुर्ची होती.

"साहेब, खुर्चीत कोण बसणार?" तोफेने विचारलं.

सहापैकी एकाला अचानक फोन आला. दुसरा म्हणाला, "चांगल्या कामाच्या दिवशी असं कशाला उगाच..." निरोगी माणसाने खुर्चीत बसलं तर पाय जातात की काय, कोण जाणे!

"माझी ताई बसेल," तोफ म्हणाली. "ती रोजच बसते. तिला बोलावून घेऊ?"

"नको, नको. चाचणी पूर्ण होईपर्यंत प्रवासी बसवता येत नाही," सुविधासाहेब म्हणाले. "नियम आहे. काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

माणसं बसायच्या खुर्चीची चाचणी, आणि तिच्यात माणूस बसवायचा नाही! हा नियम ज्याने लिहिला त्याला त्याच खुर्चीला बांधून शहरभर फिरवायला हवं होतं. पण तोफ त्या दिवशी इस्त्रीत होती. तिने निमूट खुर्चीच्या मुठी धरल्या. वजन म्हणून खुर्चीत पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ठेवलं. उन्हाचे दिवस होते. फलाटापर्यंत येईतो अधिकाऱ्यांनी बऱ्याच बाटल्या उघडल्या आणि वजन अर्ध्यावर आलं. गाडी आली, दारं उघडली, तोफ खुर्ची घेऊन आत गेली. विमानतळावर उतरली. सगळं बिनबोभाट. तिने लोण्यातून सुरी फिरवावी तशी खुर्ची फिरवली.

"काही अडथळा?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि छापील कागदावर सही केली. तिचा फोटोही काढला. तो पुढे माहितीपत्रकावर छापून आला: रिकामी खुर्ची, मागे तोफ, आणि खाली 'कोणाच्याही मदतीशिवाय, सर्वांसाठी'. नवऱ्याने तो फोटो दारामागे चिकटवला. बायकोचा हसरा चेहरा रोज बघायला मिळावा म्हणून, असं त्याचं म्हणणं होतं.

गाडी सुरू झाली. बस बंद व्हायला अजून महिना होता, तरी ताईने ठरवलं की एकदा जाऊन बघू. त्या दिवशी ती कामावर पोहोचली ती उजव्या हाताच्या दोन बोटांना रुमाल गुंडाळून. तोफ चहा घेऊन खिडकीशी गेली आणि तिला तो रुमाल दिसला.

"कुणी केलं?"

"चार सज्जनांनी," ताई म्हणाली. "चाकं अडकली तर मला खुर्चीसकट उचलायला धावले. मी नको नको म्हणतेय, एकाने चाकच धरलं. माझी बोटं आत होती. नख गेलं."

"चाकं अडकली? कुठे?"

"दाराशी. डबा फलाटापेक्षा चार बोटं वर आहे, मध्ये फट आहे. तू चाचणी केलीस ना? तुला दिसलं नाही?"

तोफेने चहा तिथेच ठेवला. एक रिकामी खुर्ची घेतली आणि तडक खालच्या फलाटावर गेली. गाडी आली. ती दाराकडे निघाली आणि या वेळी तिने नजर स्वतःच्या पायांवर ठेवली. मुठी दाबल्या गेल्या. उजवा पाय दांडीवर पडला. छोटी चाकं वर उचलली गेली, फट ओलांडून आत टेकली. तिने खुर्ची मागे घेतली आणि पुन्हा पुढे नेली. पाय पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तिने पाय घट्ट रोवून ठेवला, तेव्हा चाकं कडेवर आपटून फटीत रुतली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग आलाच. पण त्याहून आपल्या त्या पायाचा आला. ज्या हातांचा एकोणीस वर्षं तोरा मिरवला, त्याच हातांनी चार बोटांची पायरी झाकून टाकली होती. ती फलाटावर उभी राहून स्वतःला इतक्या शिव्या देत होती की शेजारचा प्रवासी बॅग उचलून लांब गेला.

सुविधासाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि फाइलमधून तिचाच कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "'काही अडथळा नाही.' ही तुमचीच सही ना?"

"माझीच. चुकलं माझं. खोडते मी."

"झालेली सही खोडता येत नाही. उद्घाटन झालंय."

"मग बस तरी चालू ठेवा!"

"बस कशासाठी? गाडी सर्वांसाठी योग्य आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय."

तोफेने टेबलावर असा हात आपटला की पेला उडाला. साहेब दचकले, पण साहेब मंडळींना दचकल्यावर तोडगे सुचतात. "हे बघा, चिडू नका. तुमची ड्यूटी शहराच्या स्टेशनावर लावतो. सकाळी तुमच्या बहिणीला तुम्हीच चढवा, संध्याकाळी उतरवा. मग तर झालं?"

खोटं कशाला सांगा, तोफ विरघळली. घरी येऊन तिने मोठ्या उत्साहाने ताईला सांगितलं. ताई खुर्चीच्या चाकात हवा भरत होती. ती थांबली.

"म्हणजे मी उद्यापासून तुझं सामान."

"ताई, असं काय बोलतेस!"

"तुला ताप आला, की माझा खाडा. तुझी बदली झाली, की मी घरात. बावीस वर्षं मी माझ्या हातांनी जातेय. आणि माझं सोड. तू रोज सफाईने मला चढवणार, आणि रोज ते म्हणणार, बघा, चालतंय. ज्याला तुझ्यासारखी बहीण नाही त्याने काय करायचं?" ताईने पंप खाली ठेवला. तिचा आवाज कधी चढत नसे, आज चढला. "तू ढकलत राहिलीस तर तो कागद खरा ठरेल. मला मदत करायचीय ना? मग हात लावू नकोस. काही झालं तरी."

"काही झालं तरी?"

"काही झालं तरी."

बस चालू ठेवा म्हणून दोघींनी अर्ज केले, उत्तर आलं नाही. महिना संपला, बस बंद झाली. दुसऱ्या सकाळी आठ वाजता ताई शहराच्या फलाटावर होती. तोफ तिच्यामागे दोन पावलांवर, गणवेशात; साहेबांनी तिची ड्यूटी तिथेच लावली होती. बोटाचं नख अजून पुरतं आलं नव्हतं, म्हणून ताईने पट्टी बांधली होती.

गाडी आली. दारं उघडली. ताईने जोर लावला, आणि छोटी चाकं फटीत गेली ती तिथेच बसली. खुर्ची धड आत नाही, धड बाहेर नाही. दारं मिटायला आली, खुर्चीला टेकली आणि परत उघडली. डब्यात बॅगा घेऊन बसलेल्यांनी माना वर केल्या. दोन जण मदतीला उठले.

"कुणी हात लावायचा नाही," ताई म्हणाली. "पत्रकात लिहिलंय, मदतीशिवाय." ते दोघे जागच्या जागी थांबले.

पाच मिनिटं झाली. मागची गाडी अडली. ताईने दुसऱ्यांदा जोर लावला, मग तिसऱ्यांदा. डब्यातली माणसं आता तिच्यावर नव्हे, तोफेवर ओरडायला लागली. "अहो बाई, ढकला ना! पगार कशाचा घेता? आमचं विमान जाईल!" तोफेने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक अडकवले.

बसविना पहिला दिवस म्हणून सुविधासाहेब त्या सकाळी याच स्टेशनावर होते; ते धावत आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. "हे काय चालवलंय! तुम्ही उभ्या काय राहिलात? तुम्हाला येतं ना? ढकला!"

"येतं," तोफ म्हणाली. "म्हणूनच नाही ढकलत."

ताईने चौथ्यांदा चाकांना हात घातला. पट्टी सुटली आणि चाकावर रक्ताचा ओघळ उतरला. तोफेचा उजवा पाय आपोआप पुढे गेला, दांडीवर पडणार एवढ्यात तिने तो मागे ओढला आणि टाच फरशीत रोवली.

साहेबांनी तिचा दंड धरून हलवला. "अहो, बहीण आहे ना तुमची? रक्त येतंय तिला!"

"दिसतंय मला," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि ते पुसायलाही तिने पाठीमागचे हात सोडवले नाहीत.