आत्याची फरशी

स्वच्छतेच्या बाबतीत माझ्या आत्यापुढे सगळं कोल्हापूर नांगी टाकेल. मंगळवार पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत शिरायची जंतूंची काय, माझीही हिंमत होत नसे. सकाळ-संध्याकाळ फिनेल, देवापुढे उदबत्त्यांचा जुडगा, डासांना कॉइल, झुरळांना फवारा आणि हे सगळे वास झाकायला वरून गुलाबाचा स्प्रे. खिडक्या मात्र कायम बंद, कारण बाहेरची हवा घाण. तिचा तांबडा रस्सा पेठेत नावाजलेला, पण तिच्या घरी बसून खाताना मला तो नेहमी गुलाबाचाच लागला. एकदा धीर करून तसं म्हणालो, तर म्हणाली, "मग? गुलाब वाईट हाय व्हय?" मी मुकाट्याने वाटी पुढे केली.

तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जुने पैलवान. अलीकडे घरात बसल्या बसल्या त्यांच्या छातीत शिट्टी वाजे. उबळ आली की ते बाहेर कट्ट्यावर जाऊन बसत आणि तिथे त्यांना बरं वाटे. यावरून घरात अजून जंतू आहेत, असं आत्याने ठरवलं आणि फिनेल वाढवलं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तिने मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली आणि वरून संडासाचं अ‍ॅसिड ओतलं. चार मसाले एकत्र वाटले की रश्शाला जोर येतो, हा तिचा स्वयंपाकघरातला अनुभव. इथेही जोर आला. झोंबणारी वाफ उठली, आत्या गुदमरली. मामांनी आत धावत जाऊन तिला बाहेर काढलं आणि स्वतः उंबऱ्यात कोसळले.

दवाखान्यात मामांना ऑक्सिजन लावला होता. घरात काय काय वापरता, असं डॉक्टरांनी विचारलं. आत्याने एकेक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड ही दोन कधीच एकत्र करायची नाहीत. आणि बाकीचंही आजोबा रोज श्वासातून घेतायत. सगळं बंद करा, खिडक्या उघडा."

आत्या एवढंच म्हणाली, "म्हंजे मीच की वो."

मामा वाचले. जन्मभर जपलेल्या बाटल्या त्या बाईने एका दुपारीत घराबाहेर काढल्या, याचं मला आजही नवल वाटतं. आता ती साध्या साबणाच्या पाण्याने फरशी पुसते, आणि खिडकीतून धूळ बिनदिक्कत आत येते.

परवा गेलो, तर रस्सा रश्शासारखा लागला. जेवणानंतर मामांच्या हातून चहा फरशीवर सांडला. मी दचकून आत्याकडे पाहिलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मामांच्या मागे जाऊन बसली, माझ्यादेखत त्यांच्या रुंद पाठीला कान लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"आज शिट्टी न्हाय," ती म्हणाली.

मामांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चहा तसाच फरशीवर वाळत होता.