कडेला उभा असलेला माणूस

रिकाम्या जागेवर इतका जीव लावणारं माणूस साऱ्या पृथ्वीवर दुसरं नसेल, हे मी आमच्या बाईंबद्दल कुणाहीसमोर शपथेवर सांगेन. आणि हे माणूस राहायला कुठं, तर सिंगापुरात, जिथं दोन इमारतींच्या मध्ये हातभर जागा उरली तरी लोकांना चैन पडत नाही, निदान एक कुंडी तरी आणून ठेवतात. बाई मूळच्या पुण्याच्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, लग्न न केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी घरकामाला होते. माझी शाळा आठवीत सुटलेली. विमानाच्या खुर्चीचा पट्टा मला सोडता येईना म्हणून सगळं विमान रिकामं होईपर्यंत मी तशीच बसून राहिले होते, यावरून काय ते समजून घ्या. परमिटवर मालकीणबाईंचं नाव असतं. त्या आहेत तोवर आपण आहोत, एवढंच एजंटनं मला नीट समजावून सांगितलं होतं, आणि ते मी कधी विसरले नाही.

बाईंना नाद फोटोचा. पण फोटो म्हणजे माणसांचे नव्हे. पूर्वी कधी बँकेनं त्यांना इंग्लंडला पाठवलं होतं, तिथं उंचावरच्या उजाड माळांवर पाठीला पिशवी लावून दिवसभर चालायची त्यांना चटक लागली. त्याचे फोटो हॉलमध्ये भिंतभर. नुसतं गवत, काळे खडक आणि धुकं. पहिल्या दिवशी ते बघून मी बोलून गेले, "बाई, आमचा सडा तुमच्याकडं कसा?" आमच्या रत्नागिरीकडं डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाला सडा म्हणतात. मी त्यावरच वाढले. झालं, बाईंनी पर्स ठेवायच्या आत मला खुर्चीत बसवलं आणि सड्यावर वारा कसा येतो, आधी पायाला लागतो की तोंडाला, असलं काहीबाही विचारत राहिल्या. तेव्हापासून त्यांनी मला कधी कामवाली म्हणून वागवलं नाही. मला वेगळी खोली दिली, एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, पाट्या वाचायला शिकवलं. आजही स्टेशनची नावं मी त्यांच्याच आवाजात वाचते.

माणसांचं मात्र त्यांना वावडं. एका वर्षी तिथल्या मराठी मंडळानं गणपतीचे फोटो काढायची गळ घातली, तर बाई सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचल्या आणि अख्खा रोल रिकाम्या खुर्च्यांवर संपवला. सेक्रेटरी रडकुंडीला आले. "अहो, पण माणसं कुठायत?" बाई म्हणाल्या, "माणसं तुम्ही रोज बघता. अशा शिस्तीत खुर्च्या कधी बघितल्यात?" मॉलमध्ये चालायच्या तर समोरच्यावर सरळ जाऊन आदळायच्या आणि वर त्यालाच झापायच्या. घरातही आमटी ताटाबाहेर सांडायची, दाराच्या चौकटी त्यांच्याच वाटेत यायच्या. "हे दार काल इथं नव्हतं," असं ठणकावून सांगायच्या. मला वाटायचं, मोठी माणसं, आपल्याच तंद्रीत असतात.

तर या बाईंना सिंगापुरात सडा हवा होता. तो त्यांनी शोधूनसुद्धा काढला. पासिर रिसच्या पुढं, समुद्रात भर घालून नवी केलेली जमीन होती. तांबडी माती, दगडांचे ढीग, कमरेएवढं लालांग गवत, आणि क्षितिजापर्यंत काही नाही. पुढं तिथं कुंपण घालणार, बांधकाम होणार असं ऐकू येत होतं. त्याआधी बाईंना एकच फोटो हवा होता, ज्यात माणूस नाही, इमारत नाही, माणसाची खूणसुद्धा नाही. दर रविवारी कॅनव्हासची टोपी, बाप्यांचा शर्ट, डब्यात दशम्या आणि मी, असा त्यांचा सरंजाम निघायचा. जायचं भर दुपारी, कारण त्यांच्या मते तेव्हाच सावल्या मध्ये मध्ये करत नाहीत.

आता भर दुपारी सड्यावर जाऊ नये हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेलंच तर लांब बघायचं नाही, मान खाली घालून चालायचं, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. मी तेच पाळायची. बाई ढगांवर ओरडायच्या, "सरक ना मेल्या!" आणि मी त्यांच्या मागं जमिनीकडं बघत उभी. ती जमीन मला बरी वाटली नाही कधी. गावच्या सड्याला निदान राखणदार असतो, त्याला गाऱ्हाणं घालता येतं. ही जमीन कालपरवापर्यंत समुद्राचा तळ. इथलं मेलेलं कोण असणार? बुडालेलंच. वर विमान गेलं की आवाज गवतात शिरायचा आणि विमान दिसेनासं झालं तरी गवतात घुमत राहायचा. चिनी लोकांच्या पितरांच्या महिन्यात तर वाळूत खोचलेल्या उदबत्त्या दिसायच्या, शेजारी एक सोललेलं संत्रं. उदबत्तीचा धूर चालू, आणि लावणारं माणूस कुठंच नाही.

एकदा धुतलेले फोटो आणायला गेलो तर दुकानातला पोरगा म्हणाला, "आंटी, नाइस लाह! धिस अंकल हू?"

"नो अंकल," बाई म्हणाल्या.

त्यानं बोट ठेवलं. फोटोच्या अगदी उजव्या कडेला गवतात एक माणूस उभा होता. रुंद टोपी, अंगात काळपट काहीतरी, तोंड आमच्याकडं.

बाई तडकल्या. "मी स्वतः बघितलंय. तिथं कुणी नव्हतं!" पुढच्या रविवारच्या फोटोतही तो होता, या वेळी डावीकडं. त्याच्या पुढच्या वेळी परत उजवीकडं. मध्ये कधीच नाही, नेहमी कडेला. बाईंनी दुकान बदललं, मग फिल्म बदलली. मी माझ्या परीनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत लिंबू ठेवलं. बाईंना ते सापडलं, त्यांनी त्याचं सरबत केलं आणि अर्धं मलाच पाजलं.

आणि मग तो फोटो आला, ज्यात त्यानं हात वर केला होता.

तो फोटो मी स्वयंपाकघरात एकटीनं बघितला आणि ओट्यावर उपडा घालून ठेवला. तो बाईंना बोलवत होता. माझी खात्रीच झाली, एका रविवारी या बाई कॅमेरा घेऊन त्या बाजूला चालू लागणार आणि परत येणार नाहीत. मग या परक्या देशात माझं कोण? परमिट गेलं तर गेलं, पण माझ्या गावचा वारा कसा लागतो हे दुसरं कोण विचारणार होतं मला?

"बाई, या रविवारी नको."

"आता कुंपण घालतील गं."

"तो हात करतोय, बाई."

"मग आपण त्याला विचारू, बाबा रे, जरा बाजूला होतोस का. चल, डबा भर."

त्या दुपारी मी ठरवलं, काय व्हायचं ते होवो, मान वर करायची. बाईंनी तिवई लावली, डोळा कॅमेऱ्याला लावला. वारा पडला होता. मी हळूच डोळे उचलले. तो उजवीकडंच उभा होता. लांब नव्हे, दगड मारला तर लागेल इतका जवळ. टोपीखाली तोंड अंधारं. त्यानं सावकाश हात वर केला.

बाईंनी कॅमेऱ्यावरून मान काढली, समोर नजर फिरवली आणि समाधानानं म्हणाल्या, "बघ. आज कुणीसुद्धा नाही."

माझ्या तोंडून रामाचं नाव निघालं की नुसताच आवाज, कोण जाणे. मी बाईंचा शर्ट मागून घट्ट धरला. तेवढ्यात तो खोकला, शेजारी थुंकला, गवतातून गळ आणि बादली उचलली आणि चालत आला.

"आंटी आह," तो म्हणाला, "एव्हरी संडे आय वेव्ह, यू नेव्हर वेव्ह बॅक. अँग्री विथ मी, इझ इट?"

बाई दचकल्या. आवाज आला तिकडं त्यांनी घुबडासारखी सबंध मान वळवली आणि मगच त्यांना तो दिसला. एक म्हातारा चिनी गृहस्थ, बादलीत दोन मासे. माझी भीती एका क्षणात गेली, आणि तिच्या जागी दुसरीच येऊन बसली. ही जास्त गार होती. कारण दाराच्या चौकटी, मॉलमधली माणसं, ताटाबाहेर सांडलेली आमटी, सगळं माझ्यासमोर एका रांगेत येऊन उभं राहिलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बाई, तुम्हाला समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही."

"आठवी शिकलेली तू, मला डोळ्यांचं सांगतेस?"

मी त्यांच्या कानाच्या थोडा पुढं हात नेला आणि बोटं हलवली. त्या समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अशी गप्प का उभी आहेस? काय करायचं ते कर ना." मी हात हलवतच होते.

मग हात हळूहळू पुढं आणला. तो दिसला तेव्हा बाईंनी तो धरला, आणि चहा निवेपर्यंत सोडला नाही. "उद्या बँकेत उशिरा जाईन," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांत दाब वाढलाय, गेलं ते परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी सांभाळायचं. थेंब घालायचं काम माझ्याकडं आलं. बाई प्रत्येक थेंबाला शिवी द्यायच्या. रविवार मात्र सुटला नाही. बाईंनी अंकलना बजावलं, "आता तुम्ही आहात हे मला कळलंय. तेव्हा सरका." ते हसत सरकायचे. मी शेजारी उभी राहून सांगायची, डावीकडं दगडांचा ढीग, उजवीकडं गवत, गवताच्या वर एक घार. कुंपण घालायच्या आधी तो फोटो मिळाला, अगदी स्वच्छ, माणसाची खूणही नसलेला. बाईंनी तो बराच वेळ जवळ धरून बघितला आणि म्हणाल्या, "भकास वाटतंय गं जरा." पण भिंतीवर लावलाच.

आता बाई पुण्याला भावाकडं असतात. निघायच्या आधी ओळखीनं त्यांनीच मला सिंगापुरातच बुओना व्हिस्टाच्या एका कुटुंबात लावून दिलं. रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. थेंब घातले का विचारलं की खोटं बोलतात, ते मला ओळखू येतं. मग म्हणतात, "हं, सांग, खिडकीतून काय दिसतंय?" मी सांगते, समोर नव्या इमारतीची क्रेन आहे, तिच्यामागं ढग आलेत.

"आणि कडेला?" बाई विचारतात. मी खिडकीशी जाते, गजाला गाल टेकवते आणि जेवढं वाकून दिसेल तेवढं सांगत राहते.