घमापुरातला जर्मन

जर्मनीत एकदाही पाऊल न ठेवता संपूर्ण जर्मन होऊन बसलेला माणूस या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो जबलपूरला घमापुरात, पिठाच्या चक्कीच्या वरच्या मजल्यावर राहतो. तो माझा मामेभाऊ. वय छत्तीस, लग्न नाही, भूगर्भशास्त्रात एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात, आणि नोकरी म्हणाल तर एका सरकारी कॉलेजात ‘अतिथी विद्वान’. मध्य प्रदेशाबाहेरच्या माणसाला हा एखादा मानाचा किताब वाटेल. तसं काही नाही. ज्याला कायम करायचं नाही, पण ज्याच्यावाचून वर्गही चालत नाहीत, अशा मास्तराला आमच्याकडे अतिथी म्हणतात. त्या कॉलेजात तो नऊ वर्षं पाहुणा आहे. दर उन्हाळ्यात त्याला निरोप मिळतो आणि दर पावसाळ्यात यादीत पुन्हा नाव आलं का ते बघायला तो जातो. “नऊ वर्षं पाहुणा राहिलेल्या माणसाला कुठे तरी घर पाहिजे का नाही, दीदी?” असं तो मला एकदा म्हणाला होता. मी हसले होते. त्याच्या बोलण्यावर हसायची आम्हा सगळ्यांनाच सवय होती.

जर्मनीत जाऊन पीएच.डी. करायची, हे त्याने सहा वर्षांपूर्वी ठरवलं आणि त्या दिवसापासून तो मनाने तिकडेच राहायला गेला. ज्या विद्यापीठाला अर्ज केला असेल त्या गावाचं हवामान त्याच्या फोनवर कायम उघडं. मे महिन्यात घमापुराच्या गच्चीवर कावळेसुद्धा चोच वासून बसलेले असायचे, आणि हा घाम पुसत म्हणायचा, “आमच्याकडे आज अकरा आहे. संध्याकाळी हलका पाऊस.” वेळेच्या बाबतीत तर तो जर्मनांनाही लाजवील. कमानिया गेटजवळ एका दूरच्या नातेवाइकांकडे लग्न होतं, पत्रिकेत स्वागत समारंभ ‘सायं. सात’ असं छापलं होतं. जबलपुरात सातचा अर्थ साडेनऊ असतो, हे वधूपासून घोडीवाल्यापर्यंत सर्वांना माहीत. हा सातला पाच मिनिटं कमी असताना कोट घालून हजर. मांडवात दुसरं कोणीच नव्हतं. मुलीचे वडील घाईघाईत आले, याला बघून म्हणाले, “भैया, आ गए? चलो, वो दरी इधर बिछवा दो.” याने मुकाट्याने सतरंजी अंथरली, खुर्च्या लावल्या, आणि आम्ही पोचलो तेव्हा तो व्यासपीठामागे झेंडूच्या माळा बांधत होता. “उशीर करणाऱ्यांना कामं नसतात,” एवढंच तो आम्हाला म्हणाला.

भाषा शिकायची म्हणून त्याने घरातल्या प्रत्येक वस्तूवर जर्मन नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या. मामीच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर, पोळपाटावर, देवघराच्या दारावर, झोपलेल्या मामांच्या चष्म्याच्या घरावरसुद्धा. चिठ्ठीखाली त्या शब्दाचं लिंग. जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगं असतात याचा त्याला फार अभिमान. हिंदीवाल्यांकडे दोनच, त्यामुळे त्यांना ही भाषा जड जाणार. मराठी माणूस मात्र जन्मतःच अर्धा जर्मन असतो, असा त्याचा सिद्धांत. या सिद्धांतापायी त्याचं एक लग्न मोडलं. मामीने खूप खटपट करून रेल्वेतल्या एका सज्जन गृहस्थांची मुलगी बघायचं ठरवलं होतं. मंडळी आली, पोहे झाले, मुलीच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं, “जर्मन शिकून राहिलात म्हणे?” झालं. याने त्यांना लिंगं समजावायला घेतली. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. इथवर ठीक होतं. पण पुढे त्याच उत्साहात तो म्हणाला, “आणि गंमत म्हणजे मुलगी! जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते.” ती मुलगी समोरच बसली होती. मंडळी चहाला थांबली नाहीत.

“काहून बोललास रे असं?” मामी रडकुंडीला येऊन म्हणाली.

“व्याकरण आहे आई ते. मी काय बदलू?”

जर्मनीतल्या पीएच.डी.ची रीत आपल्यापेक्षा निराळी असते, हे मला त्याच्यामुळे कळलं. तिथे प्रवेश परीक्षा, यादी, समुपदेशन असलं काही नाही. आधी एखाद्या प्राध्यापकाने तुम्हाला आपला म्हणावं लागतं. मग विद्यापीठ बाकीचं बघतं. त्या प्राध्यापकाला त्यांच्या भाषेत ‘डोक्टोरफाटर’, म्हणजे डॉक्टरबाप म्हणतात. हा शब्द त्याने घरी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मामा पेपर वाचत होते. मामा संरक्षण कारखान्यातून निवृत्त. उभं आयुष्य यंत्रांच्या आवाजात गेल्यामुळे मोजकं बोलतात. पेपर खाली न करता ते म्हणाले, “एक बाप इथे रिकामाच बसून आहे. त्याला कोणी विचारून नाही राहिलं.”

पण हा बाप शोधतच राहिला. सहा वर्षांत त्याने किती प्राध्यापकांना पत्रं लिहिली याची गणती नसेल. पत्र लिहिण्याआधी तो त्या माणसाचे सगळे शोधनिबंध वाचायचा, अगदी सगळे, आणि मग चार ओळींचं पत्र दोन आठवडे घासायचा. बहुतेकांची उत्तरं यायचीच नाहीत. यायची ती नकाराची, आणि त्या प्रत्येक उत्तरात ‘लायडर’ हा शब्द असायचा. लायडर म्हणजे ‘दुर्दैवाने’, ‘वाईट वाटतं, पण’. लायडर जागा नाही, लायडर निधी नाही, लायडर तुमचा विषय आमच्याकडे चालत नाही. पुढे पुढे मामीला तो शब्द नुसता बघून ओळखू येऊ लागला. ती त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, “आला वाटतं लायडर.” मग गुपचूप आत जाऊन शिरा करायची. शिऱ्याचा वास जिन्यात आला की खालचे चक्कीवालेही समजायचे. असे दिवस इतके झाले की शेवटी त्याने मामीला हात जोडले, “आई, शिरा नको करत जाऊ. आता गोड खाल्लं की रडू येतं मला.”

हे त्याने हसत सांगितलं होतं. मीही हसत ऐकलं.

शिवाय त्याच्या आडनावाचं एक प्रकरण होतंच. मामांच्या आडनावात ‘ळ’ आहे. आता महाराष्ट्रात ळ हे साधं अक्षर आहे, पण आमच्या मध्य प्रदेशात ते संकट आहे. कोणी त्याचा ल करतो, कोणी ड. याच्या दहावीच्या गुणपत्रिकेत इंग्रजीत एक आडनाव आहे, बी.एस्सी.च्या पदवीवर दुसरं, आणि एम.एस्सी.च्या कागदांवर कोणा कल्पक लेखनिकाने तिसरंच घातलं. इथे आयुष्यभर कोणी हरकत घेतली नाही. पण जर्मन कचेरीच्या हिशेबी दहावी एकाने केली, पदवी दुसऱ्याने घेतली आणि पीएच.डी. करायला तिसराच येऊ बघत होता. प्रतिज्ञापत्रं झाली, शिक्के झाले. प्रत्येक प्रतीवर गोल शिक्काच पाहिजे, चौकोनी चालत नाही, असं कुठंसं वाचून आल्यावर तो कोर्टाबाहेरच्या नोटरींच्या टेबलांवरून ‘भैया, गोल है क्या?’ असं विचारत दुपारभर हिंडला होता.

आणि मग मागच्या हिवाळ्यात एक उत्तर आलं, ज्यात लायडर नव्हता.

ते होतं जर्मनीतल्या एका छोट्या गावातल्या विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं, तुमचा विषय मला आवडला, आपण बोलू. माझ्या घरचं इंटरनेट बरं म्हणून तो बोलायला माझ्याकडे आला. मुलाखत मार्चच्या शेवटी, दुपारी दीडला; हा सकाळी नऊला हजर. कोट, टाय, आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेले तीन दगड. मी त्याला आतल्या खोलीत बसवलं, घंटीची तार काढून ठेवली आणि दाराबाहेर स्टूल टाकून पहारा दिला. सुरुवातीला आतून त्याचा चाचरता आवाज येत होता. मग तो सरळ झाला. मग भरभर बोलू लागला. आणि मग तो हसला. बाईही हसल्या. त्याला तसं हसताना मी कधीच ऐकलं नव्हतं. आमच्यात तो हसायचा तो आम्हाला हसू येतं म्हणून. हे हसू दोन बरोबरीच्या माणसांचं होतं.

बाहेर आला तेव्हा टाय सैल झाला होता. “दीदी, बाई हो म्हणाल्या.”

घरी मामांनी पेपर खाली ठेवला. “म्हणजे बाप नाही, आई मिळाली म्हण.” मामीने विचारलं, “अन् मग माझं काय?” आणि पदराने डोळे पुसत ती याच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला बसली. बाहेर एप्रिल लागत होता.

अडचण एकच होती. बाई पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांना एकच शेवटचा विद्यार्थी घेता येणार होता, आणि त्याची नोंदणी जूनअखेरपर्यंत व्हायला हवी होती. विद्यापीठाने सगळे कागद मान्य केले, फक्त एका गोष्टीवर बोट ठेवलं. ही तीन नावं एकाच माणसाची आहेत, असं पत्र त्याच्या जुन्या विद्यापीठाने स्वतः द्यावं. प्रतिज्ञापत्र चालणार नाही.

त्याने ज्या शहरातून एम.एस्सी. केली ते जबलपूरपासून बसने सहा तास. एप्रिल ते जून तो तिथे अकरा वेळा गेला. पहिल्यांदा साहेब सुट्टीवर होते. मग परीक्षा चालू होत्या. मग ज्या कपाटात याच्या वर्षाचं रजिस्टर होतं त्याची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांची बदली झाली. आमचा हा जर्मन दर वेळी कचेरी उघडायच्या आधी दाराशी उभा. तिथला बाबू वाईट माणूस नव्हता, असं तोच सांगतो. त्याने याला चहा पाजला, आपल्या मुलीच्या बारावीनंतर काय याचा सल्लाही घेतला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात शेवटी पत्र तयार झालं. मोठा गोल शिक्का, हिरव्या शाईत सही. याने तिथेच, व्हरांड्यात उभ्याने वाचलं. वर नमूद केलेली तिन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची आहेत, असं प्रमाणित करण्यात येतं. आणि खाली त्या विद्यार्थ्याचं नाव लिहिलं होतं. चौथ्या स्पेलिंगने.

तो आत गेला. बाबूने पत्र दोनदा वाचलं, कपाळाला हात लावला. “अरे सर, ये तो गड़बड़ हो गई. साहब अब अगले हफ्ते बैठेंगे.”

दुरुस्त पत्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिळालं. त्याने ते तसंच पाठवलं, तारीख उलटली आहे हे माहीत असून. बाई तिकडे भांडल्या, असं नंतर कळलं. पण तिकडची तारीख म्हणजे तारीख. वेळेवर जाणाऱ्या माणसाला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांचं शेवटचं पत्र आलं तेव्हा मी तिथेच होते. त्याने ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकला. मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “लायडर आहे का रे?”

“नाही आई. या वेळी वेगळं आहे. बाईंनी लिहिलंय, आमच्या विद्यापीठाची मला लाज वाटते.”

मामी आत गेली. मामा उठले, त्याच्या मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ त्याच्या खांद्यावर हात ठेवून राहिले. खाली चक्की चालू होती. मला वाटलं, आता हा काहीतरी जर्मन म्हणेल आणि आपण सगळे सुटू. त्याने फोन उचलला आणि त्या गावाचं हवामान बंद केलं.

पुढे महिनाभर तो कोणाला भेटला नाही. कॉलेजात जायचा, यायचा. एका लग्नाला सव्वानऊला आला. ते बघून मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही.

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला, “दीदी, लम्हेटा घाटावर येतेस का? सहजच.” त्याच्या स्कूटरवरून गेलो. नर्मदेचं पाणी खाली उतरलं होतं, कडेचे दगड उघडे पडले होते. घाटावर दोन-चार माणसं आंघोळ करत होती, एक म्हातारी दिवे विकत होती. तो दगडांकडे बघत उभा राहिला आणि मी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, “तू तिथे जाऊन नेमकं काय करणार होतास रे?”

तो माझ्याकडे असा बघत राहिला की माझ्या एकदम लक्षात आलं. सहा वर्षांत आमच्यापैकी कोणीच त्याला हे विचारलं नव्हतं. त्याची थंडी, त्याची लिंगं, त्याचे शिक्के, सगळ्याचे किस्से आम्ही घरोघरी सांगितले होते. विषयाबद्दल त्या परक्या बाईंनी मात्र पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

“खरंच सांगू?” तो म्हणाला.

“सांग ना.”

त्याने मला कड्याजवळ नेलं. लालसर-हिरवट ठिपक्यांचा एक थर दाखवला. “हा दगड म्हणून बघू नको. ही माती आहे. वर तो काळा आहे ना, तो लाव्हा. लाव्हा यायच्या आधी ही इथली जमीन होती. यावर डायनोसोर चालून राहिले होते, अंडी घालून राहिले होते.” मग त्याने मातीतल्या चुन्याच्या पांढऱ्या गाठींवर बोट ठेवलं. जिथे पाऊस येतो आणि मग बरेच महिने येतच नाही, तिथेच अशा गाठी धरतात. त्या एकेका गाठीत त्या वेळचं पाणी कसं होतं याची खूण राहून गेली आहे. ती वाचायचं यंत्र त्या बाईंकडे होतं. “मला एवढंच बघायचं होतं, दीदी. सगळं जळून जायच्या आधी, इथे पावसाळा किती महिन्यांचा होता.”

पुढचा तासभर तो बोलत होता. अर्ध्याहून जास्त मला कळलं नाही. तो मराठीत बोलत होता, मधेच हिंदीत जात होता, जर्मन एकही शब्द नव्हता. ऊन चढलं, आंघोळीची माणसं गेली. मधे एकदा तो संकोचून म्हणाला, “बोर होऊन राहिलीस का?”

“नाही रे,” मी म्हटलं. “बोल तू.”

त्याने चपला काढून दगडावर ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून, खालचा थर कुठून सुरू होतो ते मला हाताने दाखवू लागला.