मातकट पट्टी

ऑफिसात तिला सगळे घार म्हणायचे. स्क्रीनवरच्या बटणाचा निळा रंग केसभर फिका झाला तरी हिला दिसणारच. तिच्या डोळ्यांमुळे माझं काम कितीदा तरी परत आलंय, म्हणून ते नाव मीच पाडलं होतं.

घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांसाठी आम्ही एक ॲप केलं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर पट्टी हिरवी, कमी झाला की हळूहळू लाल. रंग बरोबर येतात का, हे तिने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे टेस्ट, आपोआप तपासायची. पण टेस्ट लहरी. दहादा पास, अकराव्यांदा नापास. लालऐवजी मधलाच मातकट रंग सापडला म्हणायची.

"पट्टीचा रंग बदलत असतानाच बघते मेली," ती करवादली.

ॲप द्यायचा दिवस, साहेब डोक्यावर बसलेले. रंग थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, अशी सवलत तिने टेस्टला देऊन टाकली. टेस्ट निमूट पास झाली. "सुटलो एकदाचे," मीच म्हणालो.

तिचे वडीलही घरी ऑक्सिजनवर होते; त्यांच्या जुन्या फोनमध्ये ते ॲप तिनेच घालून दिलं. महिन्याभराने सकाळी ऑफिसात त्यांचा फोन आला. हात कामात, म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला.

"चिमणे, पट्टी मातकट दिसतेय गं."

"बाबा, असा रंगच नाही त्यात. चष्मा पुसा बरं."

"पुसतो."

दुपारी शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं. ते खुर्चीत होते, मांडीवर फोन आणि हातात चष्म्याचं फडकं. जुन्या फोनवर पट्टी लाल होता होता अर्ध्यातच अडकत होती. टेस्ट खरं बोलत होती, आम्हीच तिचं तोंड दाबलं.

याला दोन वर्षं झाली. सवलत तिने त्याच आठवड्यात काढली, पट्टीही दुरुस्त झाली. तरी रोज जेवणाच्या सुट्टीआधी ती वडिलांच्या त्या फोनवर पट्टी लाल करून माझ्यासमोर धरते. मला त्या फोनची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? हल्ली चहाच्या कपातसुद्धा मला तोच रंग दिसतो.

"दादा, कोणता रंग?"

"लाल."

"नक्की?"

काल खात्री करावी म्हणून मी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागलो. तिने झटकन माझा हात धरला.

"पुसू नका," ती म्हणाली. "जसं दिसतंय तसंच सांगा."