वामनरावांचा नर्मदेचा नकाशा

१९६३ साली अमडापूरच्या मनकर्णाबाई नर्मदेची परिक्रमा पायी पुरी करून आल्या. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. वामनरावांनाही पत्नीबरोबर जायचे होते. पण गुडघ्याने दगा दिला आणि हे निवृत्त चित्रकला शिक्षक घरीच राहिले. निदान नकाशा तरी आपल्या हातचा असावा, म्हणून आता ते तिला विचारून विचारून तिची वाट रेखाटत होते.

ओंकारेश्वराहून निघालेली रेघ दक्षिण तीराने बडवानीपर्यंत आली. तेवढ्यात पलीकडचे महेश्वर विसरायला नको, म्हणून त्यांनी टाक उचलून उत्तर तीरावर टिंब दिले.

"अवो, वलांडली ना नदी!" मनकर्णाबाई ओरडल्या.

"कागदावर कुठी वलांडनं असते?"

"नदी लहान केली तुमी, म्हून काय नियमबी लहान झाला? जायचं होतं ना तुमाले?"

टिंब खरवडून काढता आले असते. वामनरावांनी मात्र कोरा कागद पसरला, ओंकारेश्वराच्या जागी टाक टेकवला आणि विचारले, "सांग आता, पहिल्या दिवशी कुठवर चालायचं?"